लोहाला परतीची वाट नाही

शरीरात मीठ जास्त झालं तर ते लघवीतून निघून जातं. पाणी जास्त झालं तर तेही. रक्तातली साखर फारच वाढली की मूत्रपिंडं तिलाही बाहेर सोडतात. मधुमेह ओळखण्याची जुनी रीत त्यावरच उभी होती. लोहाचं मात्र तसं नाही. जास्तीचं लोह ठरवून बाहेर काढण्याची कुठलीच सोय माणसाच्या शरीरात नाही. कातडीच्या आणि आतड्याच्या मेलेल्या पेशी गळतात त्यांच्याबरोबर रोज एखाद-दोन मिलिग्रॅम जातं, बाईचं पाळीत आणखी थोडं जातं, आणि तेवढंच. एकदा आत आलेलं लोह आतच मुक्काम करतं.

ही सोय का नसावी? लोह टाकून देण्याची चैन आपल्या पूर्वजांना बहुधा कधी परवडलीच नाही. पृथ्वीवर लोह रग्गड आहे, पण ते अंगी लागेल अशा रूपात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास हिंडणाऱ्याला याचा पुरावा पावलोपावली दिसतो. वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणात कळसापासून पायापर्यंत कोरत आणलं, त्या बेसॉल्टच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त वाटा लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडा गेरू म्हणजे लोह, पिवळी माती म्हणजे लोह, हिरव्या मातीचा हिरवेपणाही लोहाचाच. निळा तेवढा दूरदेशाहून आणलेल्या दगडाचा. इथल्या माणसाच्या पायाखाली, डोंगरात, दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांत, सगळीकडे लोहच लोह. आणि तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघालं.

गेरूतलं लोह गंजलेलं असतं, म्हणजे ऑक्सिजनने घट्ट धरून ठेवलेलं. ते पाण्यात विरघळत नाही, आणि आतड्याच्या पेशींना लोह हवं असतं ते दुसऱ्या, विरघळणाऱ्या रूपातलं. त्यात बाजरी-ज्वारीतलं फायटेट आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतात. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा असला तर उलट घडतं. क जीवनसत्त्व लोहाला शोषणाजोग्या रूपात आणतं. एवढी सगळी खटपट करून वनस्पतींमधल्या लोहाचा अगदी थोडा हिस्सा आत जातो. मटणातलं लोह हिमोग्लोबिनसारख्या रेणूंत बसलेलं असतं, ते बरंच सहज शिरतं. नान-खलियाच्या वाडग्यातलं लोह आणि मेथीच्या भाजीतलं लोह एकच मूलद्रव्य असलं तरी आतड्यापाशी त्यांची वागणूक वेगळी, आणि हा फरक पुढे कामाला येणार आहे.

प्रौढ माणसाच्या अंगात एकूण लोह किती असतं? फक्त तीन-चार ग्रॅम. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं. रोज नव्या लाल पेशी घडवायला वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं, पण जेवणातून आत शिरतं ते एखाद-दोन मिलिग्रॅमच. बाकीचं येतं कुठून? म्हाताऱ्या लाल पेशींमधून. साधारण १२० दिवस फिरून थकलेल्या पेशी प्लीहेत आणि यकृतात गिळल्या जातात, त्यांच्यातला लोहाचा कण न् कण सोडवला जातो आणि परत अस्थिमज्जेकडे धाडला जातो. आज तुमच्या बोटाच्या टोकाशी प्राणवायू पोचवणारा लोहाचा अणू गेल्या वर्षी दुसऱ्याच पेशीत बसून तेच काम करत असेल. कदाचित दहा वर्षांपूर्वीही. मला शरीरशास्त्रातली ही गोष्ट फार भारी वाटते: इतक्या काटकसरीने चालवलेला व्यवहार आपल्या अंगात दुसरा क्वचितच असेल.

उरलेलं लोह साठवलं जातं, मुख्यतः यकृतात, फेरिटिन नावाच्या प्रथिनात. १९३७ साली चेकोस्लोव्हाकियातल्या विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून ते पहिल्यांदा वेगळं केलं. चोवीस तुकडे एकमेकांत बसून एक पोकळ गोळा तयार होतो आणि त्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. गावाकडच्या घरात कणगी असते ना, धान्य आत सुरक्षित, उंदीर-घुशी बाहेर, हवं तेव्हा खालच्या तोंडातून काढून घ्यायचं, तसं हे भांडार आहे. फरक इतकाच की इथे धान्याला घरापासून जपायचं नसतं, घराला धान्यापासून जपायचं असतं. मोकळं सुटलेलं लोह पेशीला घातक असतं. फेरिटिनचा अगदी थोडा अंश रक्तातही फिरतो. प्रयोगशाळेत ‘सिरम फेरिटिन’ म्हणून मोजतात तो हाच, आणि त्यावरून आतल्या साठ्याचा अंदाज बांधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढात हा आकडा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेला तर साठा संपला असं धरायचं.

आणि या सगळ्यावर लक्ष कोण ठेवतं? यकृतातून निघणारं हेपसिडिन नावाचं एक इवलंसं संप्रेरक, अवघ्या पंचवीस अमिनो आम्लांचं. त्याचा शोध २००० च्या आगेमागे लागला, म्हणजे लोहाचा कारभारी कोण हे वैद्यकाला कळून अजून तीस वर्षंही झालेली नाहीत. साठा भरला की हेपसिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह रक्तात येणं कमी होतं. अंगात कुठे दाह असेल तरीही ते वाढतं, कारण जंतूंनाही जगायला लोह लागतं आणि शरीर ते त्यांच्यापासून दडवून ठेवतं. बाहेर काढायची वाट नसल्यामुळे सगळा बंदोबस्त आत घेतानाच करावा लागतो.

आता साखरेकडे येऊ.

१८६५ साली पॅरिसमधले वैद्य आर्मां त्रूसो यांनी एका रुग्णाचं वर्णन केलं: मधुमेह, निबर झालेलं यकृत आणि काशासारखी झाक आलेली कातडी. पुढे अशा आजाराला ‘कांस्य मधुमेह’ म्हणू लागले. काही जणांत हेपसिडिनचा धाक जन्मतःच कमी असतो, आयुष्यभर गरजेपेक्षा थोडं थोडं जास्त लोह आत येत राहतं आणि ते यकृत, हृदय, स्वादुपिंड यांत साचतं. युरोपी वंशाच्या लोकांत या आजारामागे असणारा जनुकातला नेहमीचा बदल १९९६ मध्ये सापडला. भारतीयांत तो जवळपास दिसतच नाही. पण लोहाने स्वादुपिंड निकामी होणं आपल्याकडे वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं. जेवणातून इतकं लोह यायला कित्येक महिने लागतील. लोह काढून घेणारी औषधं नियमित मिळाली नाहीत तर यातल्या अनेकांना ऐन वयात मधुमेह गाठतो.

ही झाली टोकाची उदाहरणं. डॉक्टरांना ती फार पूर्वीपासून माहीत होती. खरं आश्चर्य त्यानंतर आलं, जेव्हा कुणीतरी विचारलं: ज्यांना ना मधुमेह आहे, ना लोहाचा आजार, अशा चारचौघांसारख्या माणसांत साठ्याच्या थोड्याफार फरकाने काही बिघडतं का?

त्यासाठी इन्सुलिन-प्रतिरोध म्हणजे काय ते एकदा आकड्यांत बघून घेऊ. दोन माणसं आहेत. दोघांचीही उपाशीपोटी साखर ९०. रिपोर्टवर दोघंही ‘नॉर्मल’. पण एकाच्या रक्तात त्या वेळी इन्सुलिन ५ आहे आणि दुसऱ्याच्या रक्तात १५. साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५, असं एक साधं सूत्र ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ मध्ये दिलं. पहिल्याचं उत्तर येतं १.१, दुसऱ्याचं ३.३. म्हणजे तेवढीच साखर काबूत ठेवायला दुसऱ्याच्या स्वादुपिंडाला तिप्पट इन्सुलिन ओतावं लागतंय. त्याचे स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं पुरतं ऐकत नाहीत. त्याला मधुमेह नाही, आणि स्वादुपिंड ही वाढीव मेहनत पेलत राहिलं तर कधी होणारही नाही. पण तो त्या वाटेवर मात्र उभा आहे.

१९९७ मध्ये पूर्व फिनलंडमधल्या १,०१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा लोहाचा साठा जास्त, त्यांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त. पाठोपाठ स्पेनमधल्या जिरोनाचे होसे मॅन्युएल फर्नांदेस-रेआल यांनी मांडलं की फेरिटिनकडे इन्सुलिन-प्रतिरोधाच्या लक्षणांपैकी एक म्हणून बघायला हवं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध दीर्घ अभ्यासातून आणखी ठोस गोष्ट पुढे आली. सुरुवातीला निरोगी असलेल्या बायकांचं रक्त वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं होतं. ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांचं आणि ज्यांना झाला नाही त्यांचं जुनं रक्त तपासलं, तेव्हा फेरिटिनच्या सर्वांत वरच्या पंचमांशातल्या बायकांचा धोका सर्वांत खालच्या पंचमांशातल्यांच्या अडीच पटींहून जास्त भरला. वजन, व्यायाम, खाणंपिणं यांचा हिशेब धरल्यानंतरही.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला प्रयोग आकाराने सर्वांत लहान आहे, २००१ सालचा. मधुमेह नसलेले तीस शाकाहारी, म्हणजे दूध-अंडी खाणारे पण मांस न खाणारे, आणि तीस मांसाहारी. शाकाहाऱ्यांचं फेरिटिन सरासरी ३५, मांसाहाऱ्यांचं ७२. इन्सुलिनचं ऐकण्यात शाकाहारी सरस. इथवर कुणीही म्हणेल की त्यांच्या जेवणात भाज्या जास्त, चोथा जास्त, त्याचा हा गुण असेल. म्हणून संशोधकांनी सहा निरोगी मांसाहारी पुरुष घेतले, त्यांचं रक्त काढून काढून लोहाचा साठा शाकाहाऱ्यांच्या पातळीला आणला, आणि पुन्हा मोजलं. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर साखर उचलण्याची त्यांची क्षमता सुमारे चाळीस टक्क्यांनी सुधारली होती. सहाच माणसं, हे खरं. पण संबंध दिसणं निराळं आणि हात घालून एक गोष्ट हलवल्यावर दुसरी हलणं निराळं.

लोह नेमकं करतं काय? १८९४ मध्ये केंब्रिजचे हेन्री फेंटन यांनी टार्टारिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर लोहाचा क्षार घातला. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेला आंबटपणा देणारं मुख्य आम्ल. एरवी शांत बसणारं मिश्रण लोहाच्या नुसत्या स्पर्शाने पालटलं. आम्लाचे रेणू मोडून नवंच काही तयार झालं. लोह पेरॉक्साइडपासून अतिशय आक्रमक असे तुकडे निर्माण करतं आणि ते समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतात, हे पुढे उलगडलं. आपल्या पेशींत श्वसनाच्या ओघात पेरॉक्साइड सतत तयार होत असतं. जवळपास मोकळं लोह असलं की तीच क्रिया आत सुरू होते. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी अशा माऱ्यापुढे विशेष दुबळ्या, कारण पेरॉक्साइड निवारणारी विकरं त्यांच्यात इतर पेशींपेक्षा कमी असतात.

दुसरा मार्ग चरबीतून जातो. चरबीच्या पेशी ॲडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते स्नायूंना व यकृताला इन्सुलिनचं ऐकायला लावतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डोनाल्ड मॅक्लेन यांच्या गटाने अशा उंदरांवर काम केलं, ज्यांच्या फक्त चरबीच्या पेशींतून लोह बाहेर पडू शकत नव्हतं. बाकी उंदीर धड. तेवढ्यानेच त्यांचं ॲडिपोनेक्टिन घटलं आणि इन्सुलिन-प्रतिरोध वाढला. म्हणजे चरबीची पेशी स्वतःतलं लोह मोजते आणि त्यावरून साऱ्या शरीराला साखरेबद्दल निरोप पाठवते.

आणि तिसरी गोष्ट, जी वाचून मी थबकलो. इन्सुलिन चरबीच्या पेशीपाशी येतं तेव्हा पेशीच्या आत दडलेले साखरवाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. हे पाठ्यपुस्तकातही असतं. पण त्याच वेळी, त्याच इशाऱ्यावर, रक्तातलं लोह पकडणारे ग्राहकही पृष्ठभागावर येतात. १९८० च्या दशकातच हे दिसलं होतं. इन्सुलिन एका हाकेत साखरही आत बोलावतं आणि लोहही. आता उलटा विचार करून पाहा. ज्याच्या रक्तात इन्सुलिन कायम चढलेलं, त्याच्या पेशींत लोह जास्त शिरणार. लोह जास्त शिरलं की प्रतिरोध वाढणार. प्रतिरोध वाढला की इन्सुलिन आणखी चढणार. मग लोहामुळे प्रतिरोध की प्रतिरोधामुळे लोह? माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि कुठून सुरुवात झाली ते माणसागणिक वेगळं असू शकतं.

इथेच सावध व्हायला हवं. फेरिटिन साठा दाखवतं हे बरोबर, पण ते दाहही दाखवतं. यकृतात चरबी साठलेली असेल, पोट सुटलेलं असेल, हिरड्या सुजलेल्या असतील, नुकताच ताप येऊन गेला असेल, तरी फेरिटिन चढतं, आत लोह जास्त नसलं तरी. आणि चरबीने भरलेलं यकृत तर इन्सुलिन-प्रतिरोधाचा जुना सोबती. त्यामुळे फेरिटिन आणि प्रतिरोध एकत्र दिसले म्हणून लोहालाच आरोपी करता येत नाही. ऑस्ट्रेलियात यकृतात चरबी असलेल्या रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला: काहींचं रक्त काढलं, काहींचं नाही. २०१५ मध्ये निकाल आला. यकृतात फरक नाही, इन्सुलिन-प्रतिरोधातही नाही. सहा जणांवरच्या त्या सुंदर प्रयोगाने उंचावलेली आशा इथे बरीच खाली आली. ज्यांच्यात साठा खरोखरच जास्त आहे त्यांच्यात लोह कमी केल्याचा उपयोग होत असेल. ज्यांच्यात फेरिटिन दुसऱ्याच कारणाने वर गेलंय त्यांच्यात रक्त काढून काय साधणार?

आपल्या मुलखात तर हा गुंता आणखी वाढतो. निव्वळ लोहाच्या साठ्यावर मधुमेह ठरत असता, तर भारतात तो कमी असायला हवा होता. आपल्याकडे मांस कमी खाल्लं जातं, फेरिटिन खालच्या अंगाला असतं. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज दहा कोटींहून जास्त मधुमेहींचा आणि साडेतेरा कोटींहून जास्त सीमारेषेवरच्यांचा आहे. त्याचं एक कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवलं. २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन यडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून मेदाळ, ही आपली ठेवण आईच्या पोटातच आकार घेते हे त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून मांडलं. अशा अंगात इन्सुलिन-प्रतिरोधाला लोहाची गरजच नसते. लोह असेल तर भर घालेल, पण मूळ धागा दुसरा.

आणि याच केईएमच्या गटाने २०१२ मध्ये लोह आणि साखरेच्या नात्याचा एक असा पदर उलगडला, जो प्रत्येक मराठी घरातल्या रिपोर्टला लागू पडतो.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी आता सर्रास होते. ती मोजते हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी जितके दिवस रक्तात फिरेल तितकी जास्त साखर तिला चिकटणार. लोह कमी पडलं की नव्या पेशी घडणं मंदावतं, रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि साखर न वाढताही एचबीए१सी चढू शकतं. पुण्याच्या संशोधकांनी ११६ तरुणांची ग्लुकोज पाजून करायची जुनी, वेळखाऊ तपासणी केली आणि एचबीए१सीही मोजलं. ग्लुकोजच्या तपासणीत सीमारेषेवर निघाले ७.८ टक्के. एचबीए१सीनुसार निघाले २३.३ टक्के. जवळजवळ तिप्पट! या तरुणांपैकी तिघांमागे एकाला रक्तक्षय होता आणि त्याहून थोड्या जास्त जणांत लोहाची कमतरता होती. म्हणजे कित्येकांच्या माथी ‘साखरेची सुरुवात’ असा शिक्का बसला असता, तो साखरेमुळे नाही, लोहाच्या तुटवड्यामुळे.

किती अजब आहे हे. लोह जास्त तर इन्सुलिनची अडवणूक होण्याची शक्यता. लोह कमी तर अडवणूक नसतानाही असल्याचा भास. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोतल्या एखाद्या घरात ही दोन्ही माणसं एका ताटाभोवती बसलेली सापडतील: पन्नाशीचा, पोट सुटलेला, आठवड्यातून तीनदा मटण खाणारा कर्ता पुरुष आणि पाळीने दर महिन्याला लोह गमावणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी त्याची पत्नी. त्याचं फेरिटिन ३०० निघालं तर ते लोहाचं की यकृतातल्या चरबीचं, हे सीआरपीसारखी दाहाची तपासणी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही लोहाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी यांच्याशिवाय सांगता येत नाही. तिचं एचबीए१सी ५.९ निघालं तर गोड बंद करण्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघायला हवं. एकच आकडा सुटा वाचून दोघांचाही निकाल लावणं अन्यायाचं आहे, आणि ते रोज घडतं.

त्या पुरुषाच्या मनात पुढचा प्रश्न येतो तो रक्तदानाचा. दत्ताजी भाले रक्तपेढीत जाऊन किंवा घाटी रुग्णालयात एक पिशवी दिली तर साठा किती उतरेल? हिशेब सोपा आहे. हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाच्या ३५० मिलिलिटर रक्तात ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि दर ग्रॅममध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह. म्हणजे एका पिशवीत साधारण १६५ मिलिग्रॅम. पुरुषाच्या साठ्याच्या मानाने ही लक्षणीय रक्कम आहे. ज्याला बाहेरची वाट नाही त्याच्यासाठी माणसाने स्वतः तयार केलेली ही एक मोठी वाट. मात्र मधुमेह टाळायला रक्तदान करा असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. रक्त द्यावं ते ज्याला त्याची गरज आहे त्याच्यासाठी. शिवाय पाळी चालू असलेल्या बाईचा साठा मुळात फार तर तीनशे-साडेतीनशे मिलिग्रॅम. तिची एक पिशवी म्हणजे अर्धी रिकामी झालेली कणगी. आपल्या नियमांत पुरुषांना नव्वद दिवसांनी आणि बायकांना एकशेवीस दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, त्या फरकामागे हेच गणित आहे.

मग प्रश्न येतो सर्वांना सरसकट लोह देण्याचा. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली. किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिसळलेला तांदूळ रेशनवर आला. शाळेतल्या मुलांना गुलाबी गोळी, किशोरवयीनांना निळी, बायकांना लाल, अशा गोळ्याही आहेत. ज्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन आठवर आलंय तिला ही गोळी जीवदान आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. तिने हा लेख वाचून गोळी बंद केली तर माझं लिहिणं वाया गेलं. पण बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अनुरा कुरपड यांच्यासारखे अभ्यासक विचारतात की कमी आहे त्यालाही आणि पुरेसं आहे त्यालाही, एकावर एक तीन-चार मार्गांनी लोह देत राहिलो, तर पुरेसं असलेल्याचं काय होईल? आत घेतलेलं परत करता येत नाही हे माहीत असताना हा प्रश्न मला रास्त वाटतो. २०१६ ते २०१८ मधल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे बावीस टक्क्यांत लोहाची कमतरता सापडली. हा आकडा मोठाच आहे. पण उरलेले अठ्ठ्याहत्तर टक्के कमतरतेत नव्हते, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

म्हणूनच छत्रपती संभाजीनगरात झालेल्या एका कामाबद्दल मला आपुलकी वाटते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात बाजरीवर संशोधन चालतं. २०१८ मध्ये त्या विद्यापीठाचे दोन संकरित वाण आले: एएचबी १२०० आणि एएचबी १२६९. एरवीच्या बाजरीत किलोमागे पंचेचाळीस-पन्नास मिलिग्रॅम लोह असतं. पहिल्यात ७३, दुसऱ्यात ९१. वरून काही फवारलेलं किंवा मिसळलेलं नाही, रोपाने मातीतूनच जास्त उचललेलं. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतलं, बेसॉल्ट झिजून झालेल्या मातीतलं लोह कणसात आणण्याचा हा मार्ग. अशा लोहसंपन्न बाजरीचा उपयोग होतो का, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना भाकरी खायला घालून पाहिलं गेलं. चार महिन्यांत त्यांचं फेरिटिन वाढलं, आणि ज्यांच्यात कमतरता होती अशी मुलं साध्या बाजरीच्या मानाने जास्त संख्येने त्यातून बाहेर आली. उत्तर कर्नाटकात बेळगावच्या डॉक्टरांनी दोन-तीन वर्षांच्या पोरांवर मोजमाप केलं तेव्हा साध्या बाजरीतून दिवसाला ०.२३ मिलिग्रॅम लोह अंगी लागत होतं, लोहसंपन्न बाजरीतून ०.६७.

या भाकरीतलं लोह वनस्पतीचं आहे, म्हणजे हेपसिडिनच्या हुकमतीत राहणारं. ज्या मुलीचा साठा रिकामा आहे तिचं आतडं त्यातलं जास्त उचलतं. ज्या काकांचा साठा भरलेला आहे त्यांचं आतडं त्याच भाकरीतलं लोह बरंचसं तसंच पुढे सोडून देतं. मांसातल्या लोहावर ही रोक तितकीशी चालत नाही, आणि मांसातलं लोह जास्त खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका जास्त दिसतो तो कदाचित यामुळेच. एकाच तव्यावरच्या दोन भाकऱ्या दोन माणसांच्या अंगात वेगवेगळ्या प्रमाणात उतरतात, आणि किती उतरू द्यायचं हे यकृतातून निघालेली पंचवीस अमिनो आम्लं ठरवतात. लोहसंपन्न बाजरीवरच्या पुढच्या अभ्यासांत हिमोग्लोबिनबरोबर उपाशीपोटीचं इन्सुलिनही मोजलं जावं, मुलांचं आणि मोठ्यांचंही, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाजरी इथे पिकते, खाणारे इथे आहेत, आणि सडपातळ अंगातली लपलेली चरबी मोजायला शिकवणारी माणसं पुण्यात, इथून पाच तासांच्या रस्त्यावर.